मुराळ्याबरोबर गेलेली बाई

शेवाळे साहेब बाळाला बघायला आले ते भर दुपारी, हातात झबल्या-टोपड्याचा पुडा घेऊन.

"हे साइटवर गेलेत, साहेब," मी दारातच म्हटलं.

"माहीत आहे. मीच पाठवलंय." त्यांनी चपला काढून एकीशेजारी एक नीट लावल्या. "मी बाळाला बघायला आलोय. बाळ आहे ना घरात?"

बाळ होतं. मुक्ता तेव्हा चार महिन्यांची होती. हुकाला बांधलेल्या साडीच्या झोळीत नुकतीच जागी होऊन स्वतःची मूठ चोखत पडली होती. बाळ बघायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवत नाहीत. तो बसतो, पुडा पुढं करतो, हात पसरतो, आणि आईनं बाळ उचलून त्याच्या मांडीवर द्यायचं असतं. रीतच आहे ती. साहेबांनी खिशातून पांढरा रुमाल काढून मांडीवर पसरला. मी मुक्ताला उचललं आणि त्यांना दिलं.

"मान धरली का?"

"धरतेय हळूहळू."

"म्हणजे अजून सांभाळायला लागते." त्यांनी आपला रुंद तळहात तिच्या मानेखाली सरकवला. मुक्ता त्यांच्याकडं बघून हसली. कुणाकडंही बघून हसायची ती तेव्हा.

मी पाणी आणलं. त्यांनी घेतलं नाही. हात मोकळा नव्हता.

"कुंदावहिनी कधी येताहेत?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं. न विचारलेलं जास्त दिसलं असतं.

"आई आजारी आहे तिची," साहेब म्हणाले. मग मुक्ताच्या टाळूवरून अंगठा फिरवत, तिलाच सांगावं तसं म्हणाले, "असं आपण लोकांना सांगतो. हो की नाही गं? तिची आई जाऊन किती वर्षं झाली."

धरणाच्या पायथ्याशी आमची वसाहत होती. पाटबंधारे खात्याची, एकसारख्या घरांची, कुणाच्या घरात आज काय फोडणीला पडलंय ते चौथ्या घराला कळेल अशी. शेवाळे साहेब तिथले उपअभियंता आणि माझा नवरा श्रीधर त्यांच्या हाताखाली. साहेबांची बायको, कुंदावहिनी, पंचमीच्या आदल्या दिवशी मुराळ्याबरोबर माहेरी गेल्या होत्या. सणाला लेकीला न्यायला माहेरचा माणूस येतो, तसा आला होता. गणपती तोंडावर आले तरी त्या परतल्या नव्हत्या. आईच्या आजारपणावर वसाहतीनं विश्वास ठेवला होता. मीही ठेवायचा असं ठरवलं होतं.

साहेबांनी मोकळ्या हातानं सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. जिल्ह्याच्या साप्ताहिकाचं पान होतं ते.

"तुम्ही लिहिता हे ठाऊक नव्हतं मला. न्हाव्याकडं बसलो होतो, तिथं हा अंक हाताला लागला. छान लिहिलंय. वत्सला नावाची बाई आहे. नवऱ्याच्या घरातून नाहीशी होते. लपून नाही, दिवसाढवळ्या, मुराळ्याबरोबर, सगळ्या गल्लीचा निरोप घेऊन." त्यांनी पान माझ्यासमोर सतरंजीवर ठेवलं. "खाली 'पूर्वार्ध' असं छापलंय. उत्तरार्ध कुठंय?"

"अजून लिहिला नाही."

"मग सांगा."

ती गोष्ट मी एकटीनं लिहिली नव्हती.

मुक्ता झाल्यापासून माझं लिहिणं म्हणजे झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, पाय हलवत राहायचं आणि मांडीवरच्या पाटावर जेवढ्या ओळी होतील तेवढ्या करायच्या. एकदा कुंदावहिनींनी ते पाहिलं आणि पोट धरून हसल्या. "अगं हेमा, हे काय, लिहितेस का शिवणयंत्र चालवतेस?" तेव्हापासून त्या रोज दुपारी यायच्या. दोरी आपल्या हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "लिही तू. पण लिहिलेलं मला वाचून दाखवायचं. फुकट नाही झोका देणार."

त्यांना मूलबाळ नव्हतं. मुक्ताच्या तळपायाचा वास घेत बसायच्या. हातात कायम प्लास्टिकच्या बांगड्या. पंचमीआधी कासार आला तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, काचेच्या भरा ना, तुमचा हात किती छान आहे." तर म्हणाल्या, "काचेच्या टिकत नाहीत आमच्या घरी." आणि लगेच मुक्ताशी बोलायला लागल्या.

वत्सला आधी माझ्या गोष्टीत पहाटे उठून मागच्या दारानं पळत होती. वहिनींना ते मुळीच पटलं नाही.

"पळतेय कशाला? कुत्री भुंकतील. दूधवाला बघेल. चोरून जाणारी बाई सगळ्यांना दिसते, हेमा."

"मग कशी जाईल?"

"मुराळ्याबरोबर. मुराळ्याबरोबर गेलेली बाई कुणालाच दिसत नाही. सगळे बघतात, हात करतात, आणि विसरून जातात. आणि नवरा चार माणसांत मुराळ्याला नाही कसं म्हणेल?"

मी पानं फाडली आणि नव्यानं लिहिलं. मग पुढचा प्रश्न आला. जाते कुठं? त्यावर आमचे कितीतरी दिवस गेले. मी म्हणायची मुंबई, पुणे. वहिनी नाक मुरडायच्या. शेवटी त्यांनी एका गावाचं नाव घेतलं. एकदम घेतलं, आधीपासून जिभेवर असल्यासारखं. एस.टी. स्टँडवरून कुठल्या हाताला वळायचं, कुठल्या देवळाच्या मागं, कसलं दार, त्या दारामागं राहणारी बाई काय करते आणि काहीही न विचारता आत कशी घेते, सगळं. मी ते गाव तेव्हा पाहिलं नव्हतं आणि आजही पाहिलेलं नाही. पण स्टँडपासून त्या दारापर्यंत मी डोळे मिटून जाईन.

पूर्वार्ध मी साप्ताहिकाकडं धाडून दिला. दिवाळीपर्यंत काही छापत नाहीत, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो.

आणि मग पंचमीच्या आदल्या दिवशी साहेब डिव्हिजनच्या मीटिंगला गेलेले असताना कुंदावहिनींच्या दारात फेटा बांधलेला एक माणूस येऊन बसला. लाह्यांची पिशवी, नवं पातळ, सगळं रीतसर. वहिनींना भाऊ आहे हे मला त्या दिवशी कळलं. वसाहतीतल्या बायका जमल्या. मी त्यांची ओटी भरली. वाकून पदर पुढं करताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "गोष्टीचा शेवट बदल हं. मला नाही आवडला."

"अहो, तुम्हीच तर सांगितलात!"

"म्हणूनच म्हणते. बदल."

"हेमांगीवहिनी," साहेब म्हणाले, "मी विचारलं, पुढं काय होतं?"

"परत येते ती," मी म्हटलं.

"का?"

"आठवण येते. नवऱ्याची."

साहेब हसले. त्यांचं हसणं मुक्ताच्या अंगभर हललं. "वा! पूर्वार्धात नवरा कसा आहे ते काय सुरेख लिहिलंय तुम्ही. आता त्याची आठवण येते होय? कोण छापेल हे?" मग हसणं तिथंच ठेवून म्हणाले, "मुराळ्याचं कुणी सुचवलं?"

"सुचतं असंच."

"तुम्ही रत्नागिरीच्या. तुमच्या माहेरी न्यायला येतात पंचमीला?"

"नाही. पण इथं बघते ना. सगळ्यांकडं येतात."

"आमच्याकडं कधी नव्हता आला. या वर्षी पहिल्यांदाच." त्यांनी मुक्ताच्या मुठीतून आपलं बोट सोडवलं. "बँडवाला होता तो. लग्नात क्लॅरोनेट वाजवतो. शोधून काढला मी. लगेच नाही बोलला. मग बोलला. फाट्यापर्यंत सोडायचं, एवढंच काम होतं त्याला. पुढचं त्याला खरंच माहीत नाही. ते मी नीट बघितलं."

'बघितलं' कसं ते मी विचारलं नाही.

"म्हणून म्हटलं, ज्यांनी पूर्वार्ध लिहिलाय त्यांच्याकडंच जावं."

"साहेब, ती गोष्ट आहे."

"मीही गोष्टीचंच विचारतोय की. वत्सला फाट्यावर उतरली. पुढं?"

"पुढं..." मी सतरंजीवरचं पान उचलून घेतलं. "पुढं ती जीव देते. नदीत." मला वाटलं, मेलेल्या बाईला कोण शोधायला जाईल?

साहेबांनी मान हलवली. "ओटी भरून घेतली ना तिनं? नारळ, तांदूळ, खण. जीव द्यायला निघालेली बाई ओटी भरून घेत नाही." आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्हीच भरलीत."

"वत्सलेची शेजारीण..."

"तेच म्हणतोय मी. वत्सलेची शेजारीण."

तेवढ्यात मुक्ता कुरकुरली. आधी नाक वर करून, मग तोंड उघडून. तिची ती वेळच होती. माझी चोळी दोन्हीकडून ओली झाली. मी पदर ओढून घेतला आणि पुढं झाले.

"भूक लागलीय तिला. द्या साहेब."

"देतो की." त्यांनी तिला छातीशी उचलून घेतलं. मानेखालचा हात तसाच. "मी काय करू हिला ठेवून? आमच्या घरी कोण रडणार? शेवट सांगा, बाळ घ्या."

ते मोठ्यानं बोलले नाहीत. तिला थोपटतसुद्धा होते. बाहेरून जाणाऱ्या कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, साहेबांना किती माया. मुक्ता आता लालबुंद होऊन रडत होती आणि तिच्या प्रत्येक रडण्याबरोबर माझं दूध वाहत होतं. ते गाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं. नुसतं नाव घेतलं की लेक माझ्या कुशीत.

आणि तेव्हा मला वहिनींचं कानाशी बोललेलं कळलं. त्यांनी माझ्याकडून गोष्ट लिहून घेतली नव्हती, पावसाआधी घर तपासावं तसं ते सगळं माझ्यावर तपासून घेतलं होतं. कुठं फट राहते ते बघितलं होतं. आणि शेवटची फट मी होते. हा माणूस एक दिवस इथं येऊन बसणार हे त्यांना जाताना माहीत होतं.

मी एखादं गाव फटकन सांगितलं असतं तर साहेबांनी ते नदीसारखंच झटकलं असतं. हातावर ठेवलेलं त्यांना चालत नव्हतं. त्यांना काढून घेतलेलंच खरं वाटायचं.

"नाही सांगता येणार," मी म्हटलं. "मी शब्द दिलाय."

थोपटणारा हात थांबला. "कुणाला?"

मी रडायला लागले. त्यासाठी काही करावं लागलं नाही. "वहिनींना."

"हं."

"मला विचारू नका, साहेब. त्या सुखानं राहतील तिथं. सगळ्या बायकाच असतात कामाला. शेकड्यांनी. एक वाढली तर कुणाला कळतंय?"

"कुठं असतात शेकड्यांनी बायका?"

मी तोंडावर पदर धरला.

"गिरणीत?"

मी मान हलवली नाही.

"वखारीत?" ते पुढं वाकले. "तंबाखूच्या?"

मी चटकन वर बघितलं आणि चटकन खाली बघितलं. जन्मात मी एवढं चांगलं काही लिहिलेलं नाही.

"निपाणी," साहेब स्वतःशीच म्हणाले. "राज्याच्या हद्दीबाहेर. इकडचे पोलीस विचारायला जाणार नाहीत. बरोबर."

"मी नाही हं म्हटलं निपाणी!"

"नाही नाही. तुम्ही कुठं म्हणालात?" आणि त्यांनी मुक्ताला माझ्या हातात दिलं.

मी तिला घेऊन भिंतीकडं तोंड करून बसले. ती हुंदके देत देत प्यायला लागली. मागं साहेब रुमालाची घडी घालत होते, ते मला ऐकू येत होतं.

"झबलं मोठं आणलंय. वाढतं अंग आहे, वर्षभर होईल." चपलांचा आवाज आला. मग दारातून, "उत्तरार्ध असाच लिहा, वहिनी. मी वाचणार आहे."

तो मी तसाच लिहिला. न पाहिलेल्या निपाणीतल्या न पाहिलेल्या वखारी, तिथल्या बायकांची गाणी, संध्याकाळी पदर झटकत घरी जाणारी वत्सला. साहेबांनी रजा काढली. दसऱ्यानंतर परतले ते वाळून, काळवंडून. वसाहतीच्या भांडारात मी साखर घ्यायला उभी असताना मागून म्हणाले, "वखारीत तंबाखूचा एवढा खकाणा उडतो की नवं माणूस शिंकून शिंकून बेजार होतं. तुमची वत्सला एकदाही शिंकली नाही. पुढच्या वेळी नीट लिहा."

पुढच्या वेळी. त्यांना काय हवंय ते मला तेव्हा कळलं. त्यांनी मला खोटं पाडलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, मी खरं गाव थोडं हलवून लिहितेय आणि ते आज ना उद्या त्यांना पकडता येईल.

मग मी लिहीतच राहिले. दुसरी बाई, दुसरं गाव. जतला शाळेत खिचडी शिजवणारी. उदगीरला चुलतबहिणीकडं राहणारी. वेंगुर्ल्याला काजू सोलणारी. बायका शिंकायला लागल्या, त्यांच्या हाताला काजूचा चीक लागून कातडी जायला लागली. गावं मी नकाशात बघून निवडायची, त्या एका गावापासून होईल तेवढी लांब. आमची बदली झाली, साहेबांची झाली, ते निवृत्त झाले. पण श्रीधरला कुठल्या ना कुठल्या लग्नात, ऑफिसात भेटत राहिले आणि निरोप येत राहिले.

"साहेब भेटले होते. म्हणाले, वेंगुर्ल्याला त्या गल्लीत मशिदीमागं विहीर नाहीये," श्रीधर हसत हसत सांगायचा. "काय बारकाईनं वाचतो गं माणूस! असा वाचक मिळायला नशीब लागतं."

"हो ना," मी म्हणायची आणि त्या रात्री मला शांत झोप लागायची. वहिनींकडून कधी एक ओळ आली नाही, यायची नव्हतीच. माझ्यापाशी एवढाच पुरावा होता. साहेब अजून विचारताहेत, म्हणजे वहिनी अजून सापडलेल्या नाहीत.

मागच्या महिन्यात श्रीधर कुणाच्या तरी निवृत्तीच्या जेवणाला जाऊन आला. मी धाकट्या लेकीला खेळवत बसले होते. मुक्ताचा गृहपाठ चालला होता.

"साहेब भेटले. खूश दिसत होते."

"काय चुकलं म्हणाले या वेळी?"

"काही नाही. फार छान लिहिलंय म्हणाले. म्हणाले, वहिनींना सांग, आता नाही लिहिलं तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी मुक्ता शाळेत, श्रीधर ऑफिसात गेल्यावर मी धाकटीला कडेवर घेतलं आणि स्टँडवर गेले. त्या गावाची पाटी लावलेली गाडी फलाटाला लागलेली होती. मी दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला. स्टँडपासून कुठल्या हाताला, कुठल्या देवळामागं. नुसतं लांबून बघून येईन. दार उघडं आहे का, अंगणात कुणी आहे का, एवढंच.

मग मनात आलं, हे मी लिहीत असते तर साहेबांना या वेळी कुठं बसवलं असतं? त्या गावात नाही. त्यांना ते गाव माहीत असतं तर निरोप कशाला धाडला असता? मी त्यांना इथंच बसवलं असतं. याच स्टँडवर, कुठल्या तरी बाकावर, पेपर उघडून.

किंवा मग त्यांना खरंच सापडलं असेल. तेही मी लिहू शकले असते.

मी मागं वळून बघितलं नाही.

"ओ ताई, चढताय का नाही?" कंडक्टर म्हणाला.

"चुकून आले. दुसरी गाडी होती," मी म्हटलं, आणि शेजारच्या फलाटावर जी गाडी होती तीत चढले. पाटीही वाचली नाही. जिथं उतरवलं तिथल्या बाजारात धाकटीला घेऊन फिरले, एका बंद दारासमोर मुद्दाम उभी राहिले, कडी वाजवली, वाट बघितली, आणि संध्याकाळी घरी आले.

त्यानंतर निरोप नाही. श्रीधरला दोनदा विचारलं. "बरे असतील गं. म्हातारा झाला माणूस."

आता दुपार आहे. धाकटी झोपलीय, उठेल इतक्यात. साहेब, हे तुम्ही वाचालच. तुम्ही माझं सगळं वाचता. या वेळी मी त्या दुपारचं जसं झालं तसं लिहिलंय, आणि श्रीधरलाही आज वाचायला देणार आहे. निपाणी खोटी होती. जत, उदगीर, वेंगुर्लं, सगळं खोटं. या गोष्टीत मी गावच घातलेलं नाही. तरी काहीतरी चुकलं असेल. तुम्हाला सापडतं नेहमी.

काय चुकलं तेवढं कळवा, साहेब. मी वाट बघतेय.